घोरणाऱ्यांच्या खोलीत एक रात्र: पार्किन्सनच्या रुग्णाने करून घेतलेल्या स्लीप स्टडीचा अभिप्राय

एरवी मी कोणत्या दुकानाविषयी किंवा दवाखान्याविषयी जाहीर अभिप्राय लिहिण्याच्या भानगडीत पडत नाही. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर फायलींवर शेरे मारून झाल्यावर ती हौस उरत नाही. परंतु रात्रभर चालणारी झोपेची तपासणी, जिला सगळे स्लीप स्टडी म्हणतात, ती पुण्यात करून घेताना पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णाच्या वाट्याला काय येते हे मला आधी कोणी सांगितले असते, तर माझी आणि पत्नीची पुष्कळ दगदग वाचली असती. माझे मत आधीच सांगून टाकतो. तपासणी करून घेण्याजोगी आहे. मात्र ती ज्या स्वरूपात दिली जाते ते स्वरूप घोरणाऱ्या माणसासाठी बेतलेले आहे, आणि कंपवाताच्या रुग्णाने ते जसेच्या तसे पत्करले तर ज्या प्रश्नासाठी तो तेथे गेला तोच प्रश्न बाकी राहण्याचा संभव असतो. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण दोष त्या एका केंद्राचा नसून पद्धतीचा आहे, आणि तेथील रात्रपाळीच्या तंत्रज्ञ मुलाला माझ्यामुळे बोलणी बसू नयेत अशीही माझी इच्छा आहे.

माझे वय ७१. पार्किन्सनचे निदान २०१९ साली झाले, परंतु झोपेतली दांडगाई त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. मी झोपेत काय करतो हे मला स्वतःला ठाऊक नसते; ते पत्नीच्या दंडावरच्या काळ्यानिळ्या डागांवरून कळते. स्वप्ने मात्र मला लख्ख आठवतात, आणि ती बहुधा एकाच ठशाची असतात. रात्री उशिरा स्कूटरवरून घरी येत असताना कोपऱ्यावरची कुत्री मागे लागतात आणि मी त्यांना पायाने उडवून लावतो, हे सर्वांत नेहमीचे. दुसरे क्वचित पडते, पण अधिक छळते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि आम्ही नारायण पेठेत राहत होतो. स्वप्नात पाणी वाड्याच्या दिंडीदरवाजाला आतल्या बाजूला ढकलत असते आणि मी एकटा पाठ लावून तो दरवाजा दाबून धरलेला असतो. प्रत्यक्षात त्या दिवशी आम्ही सगळे वेळेवर घराबाहेर पडलो होतो, दरवाजा कोणीही धरलेला नव्हता. परंतु स्वप्नाला हे सांगणार कोण? दरवाजा दाबताना मी पत्नीला भिंतीपर्यंत रेटतो, आणि कुत्र्यांना मारलेली लाथ तिच्या नडगीवर बसते. गेल्या दिवाळीनंतर एकदा मी स्वतःच पलंगावरून खाली आलो, भुवईला तीन टाके पडले, आणि मग आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी ही तपासणी लिहून दिली.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडेसे स्पष्टीकरण आवश्यक आहे. झोपेच्या ज्या अवस्थेत बंद पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलतात आणि ठसठशीत स्वप्ने पडतात, तिला आरईएम झोप म्हणतात. निरोगी माणसात या काळात मेंदूचा खालचा देठ शरीराच्या स्नायूंना जवळजवळ संपूर्ण ढिले करून ठेवतो, म्हणून माणूस स्वप्नात कितीही धावला तरी अंथरुणात स्वस्थ असतो. ही कळ बिघडली की स्वप्न हातापायांत उतरते. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये मिशेल झूवे यांनी मांजरांच्या मेंदूतील हा भाग निकामी केला, तेव्हा ती मांजरे झोपेतच उठून शिकार करू लागली. माणसांतील या विकाराचे रीतसर वर्णन अमेरिकेत कार्लोस शेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली केले. पार्किन्सनच्या पुष्कळ रुग्णांना तो असतो, आणि अनेकांमध्ये हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीच तो सुरू झालेला असतो. पत्नीच्या मते माझा २०११ च्या सुमारास सुरू झाला, आणि तिची स्मरणशक्ती या बाबतीत वादातीत आहे. ज्या डॉक्टरांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ च्या आपल्या निबंधातही रुग्णांची झोप फार बिघडते असे नोंदवून ठेवले आहे, परंतु दोनशे वर्षांनंतरही दवाखान्यात पहिला प्रश्न हाताच्या कंपाविषयीच विचारला जातो.

आता सेवेविषयी. नावनोंदणीसाठी फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी अतिशय सौजन्याने सुचवले की केंद्रात येण्याची गरजच नाही, त्यांचा माणूस घरी येऊन एक छोटे यंत्र लावून देईल, दुसऱ्या दिवशी घेऊन जाईल आणि खर्च निम्म्याहून कमी येईल. येथे बहुतेक माणसे होकार देतील. परंतु हे घरगुती यंत्र श्वास, छातीची हालचाल, नाडी आणि रक्तातला प्राणवायू एवढेच मोजते. मेंदूच्या लहरी मोजत नाही, त्यामुळे माणूस आरईएम झोपेत कधी होता हे त्याला कळत नाही, आणि व्हिडिओ तर नसतोच. झोपेत श्वास अडकतो का एवढेच पाहायचे असेल तर ते ठीक आहे, आमच्या कामाचे ते नाही. पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेत ओळख झालेल्या एका गृहस्थांनी हे स्वतः पैसे घालवून शिकल्यावर मला सांगितले होते, म्हणून मी वाचलो. केंद्रातील संपूर्ण रात्रीच्या तपासणीला १४,००० रुपये लागले. चोवीस तास दाखल नसल्यामुळे विमा कंपनीने ते देण्यास नकार दिला.

त्यांनी पाठवलेले सूचनापत्र वाचून करमणूक झाली. त्या दिवशी दुपारी झोपू नये, ही पहिली सूचना. पुण्यात राहणाऱ्या निवृत्त माणसाला एक ते चार जागे राहण्यास सांगणे हे वैद्यकीय दृष्ट्या योग्य असले तरी सामाजिक दृष्ट्या धाडसाचे आहे. दुपारनंतर चहा घेऊ नये, केसांना तेल लावू नये, दाढी करून यावे, सैल कपडे आणावेत. सगळे रास्त. परंतु रात्रीच्या औषधांविषयी एक अक्षर नव्हते. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाची, गोळी रात्री साडेदहाला घेतली नाही तर पहाटेपर्यंत माझे अंग लाकडासारखे होते आणि कूस बदलणे हे अर्ध्या तासाचे काम होऊन बसते. अशा अवस्थेत नोंदवलेली झोप ही माझी नेहमीची झोप म्हणता येणार नाही. मी स्वतः फोन करून विचारले, तेव्हा ‘डॉक्टरांना विचारून सांगते’ असे उत्तर मिळाले आणि नंतर कोणीच काही सांगितले नाही. अखेरीस आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी सर्व औषधे नेहमीच्या वेळी, स्वतःच्या डबीतून घेण्यास लेखी सांगितले आणि तो कागद मी बरोबर नेला. आपणही न्यावा. त्यात चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव असावे, विशेषतः नैराश्यावरील गोळ्यांचे, कारण त्यांतल्या काहींमुळे हाच प्रकार उद्भवतो किंवा वाढतो. ती गोळी आपल्या मनाने बंद करून जाणे मात्र धोक्याचे.

आम्ही रात्री नऊला पोचलो. सोबत एक व्यक्ती राहू शकते, पण तिच्यासाठी खुर्चीच असते. पत्नीने ती रात्र खुर्चीवर काढली आणि त्याबद्दल मला अजूनही ऐकावे लागते. तंत्रज्ञ पंचविशीचा, मराठवाड्यातला, हाताने हलका आणि बोलायला गोड होता. ‘काका, डोकं जरा इकडं करा’ असे म्हणत त्याने पाऊण तासात डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला आणि पायांच्या नडग्यांना पेस्टने इलेक्ट्रोड चिकटवले, छातीला आणि पोटाला पट्टे बांधले, नाकाशी नळी आणि बोटाला चिमटा लावला. मी विचारले की हातांना का नाही. तो म्हणाला, त्यांच्या यादीत नाही. या विकारात हात पायांपेक्षा अधिक बोलतात आणि हातांच्या स्नायूंचीही नोंद घेतल्यास निदान पक्के होते, असे न्यूरॉलॉजिस्टनी मला सांगितले होते. त्याने वरिष्ठांना फोन लावला, यंत्रात दोन जागा रिकाम्या होत्या, आणि दोन्ही हातांना त्या लागल्या. त्याला ही माहिती नव्हती यात त्याचा दोष नाही. त्याच्याकडे महिन्याला जी माणसे येतात त्यांतली बहुतेक बायकोने घोरण्याला कंटाळून पाठवलेली असतात.

खोली स्वच्छ होती, शांत होती, आणि पार्किन्सनच्या रुग्णासाठी चुकीची होती. पलंग इतका उंच की पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि त्याला कठडा एकाच बाजूला. जो रुग्ण पलंगावरून पडतो म्हणूनच येथे आला आहे, त्याच्यासाठी दुसऱ्या बाजूला साधी गादी खाली अंथरण्याची सोय असू नये, हे नवलाचे आहे. आम्ही दोन खुर्च्या लावून आणि त्यावर उशा ठेवून आपला बांध घातला. चादर खरखरीत सुती होती. घरी आम्ही लक्ष्मी रस्त्यावरून आणलेल्या सॅटिनच्या कापडाचा पट्टा कमरेखाली घालतो, त्यामुळे अंग सरकते आणि कूस वळते. तो बरोबर नेला असता तर बरे झाले असते. लघवीला मला रात्रीतून तीन वेळा उठावे लागते. सगळ्या वायर एका छोट्या डबीत येतात आणि ती डबी काढून गळ्यात अडकवली की माणूस मोकळा होतो, हे मला तिसऱ्या वेळी कळले. पहिल्या दोन वेळा मी उगाच अवघडून पडून राहिलो होतो. हे झोपण्यापूर्वीच सांगायला काय हरकत होती?

एक गोष्ट गमतीची घडली. दिवे मालवल्यावर दहा मिनिटांत तो मुलगा आत आला आणि उजव्या हाताचा इलेक्ट्रोड दाबून गेला. पुन्हा आला, पुन्हा पेस्ट लावली. तिसऱ्या वेळी मी विचारले, तेव्हा तो म्हणाला की पडद्यावर त्या हाताची रेघ सारखी हलते आहे, वायर सुटली असावी. वायर सुटली नव्हती, तो माझा कंप होता. विश्रांतीच्या वेळी सेकंदाला ४ ते ६ वेळा होणारी ही थरथर झोप लागली की बहुधा थांबते, आणि जाग आली की परत येते. हे त्याला समजावून सांगितल्यावर त्याने ते वहीत लिहून घेतले आणि पुढे रात्रभर त्रास दिला नाही. इतकेच नव्हे, तर ‘म्हणजे काका, रेघ शांत झाली की तुम्ही झोपलात’ असा अचूक निष्कर्षही त्याने स्वतःच काढला. असा विद्यार्थी कोणत्याही खात्याला हवा असतो.

आता मुख्य तक्रार. या केंद्रात रुग्णाला पहाटे पाच वाजता उठवतात. कारण विचारले तर साडेपाचला सफाई सुरू होते असे सांगण्यात आले. घोरणाऱ्या माणसाचा श्वास रात्री बारालाही अडकतो आणि तीनलाही, त्यामुळे त्याचे पाचपर्यंत भागते. परंतु आरईएम झोपेचे टप्पे रात्रीच्या पूर्वार्धात आखूड असतात आणि पहाटेकडे लांबत जातात, म्हणून आमची कुत्री आणि आमचे पाणी बहुधा पहाटेच येते. पाचला उठवणे म्हणजे गणपती बघायला जाऊन मिरवणूक लकडी पुलावर येण्याच्या आत घरी परतण्यासारखे आहे. त्यातच दुसरी एक प्रथा अशी की पूर्वरात्री श्वास वारंवार अडकताना दिसला तर उत्तररात्री सीपॅपचा, म्हणजे श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून दाबाने हवा सोडणाऱ्या यंत्राचा, मुखवटा लावून हवेचा दाब ठरवतात, म्हणजे एका रात्रीत दोन कामे होतात आणि घोरणाऱ्याचे पैसे वाचतात. आमच्या प्रश्नासाठी मात्र निखळ पहाट हवी असते. मी नावनोंदणीच्या वेळीच मुखवटा लावू नये असे लिहून घेतले होते. वेळेबाबत मात्र पत्नीला रात्री दहा वाजता त्या मुलाशी, आणि फोनवरून त्याच्या वरिष्ठांशी, बराच वेळ बोलावे लागले. ती माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका होती. सव्वासहापर्यंत थांबण्याचे ठरले.

अहवाल आठ दिवसांनी आला. चार पाने. त्यांतली साडेतीन श्वासाविषयी होती: तासाला सरासरी किती वेळा श्वास अडला याचा आकडा माझ्या बाबतीत ११ होता. पाचपर्यंत ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी त्याची वर्गवारी असते, म्हणजे मी सौम्यात बसलो. हा आकडा निरुपयोगी नाही. श्वास अडून दचकून जागे होणारी माणसेही हातपाय झाडतात आणि वरवर पाहता तो प्रकार अगदी आमच्यासारखा दिसतो, त्यामुळे ती शक्यता तपासून बाजूला ठेवावीच लागते. परंतु ज्यासाठी गेलो त्याबद्दल शेवटच्या पानावर फक्त ‘आरईएम झोपेत हालचाल आढळली’ एवढे वाक्य होते. स्नायू ढिले पडत होते की नाहीत, किती प्रमाणात, हातांच्या नोंदीत काय दिसले, यातले काहीही नाही. न्यूरॉलॉजिस्टनी अहवाल परत पाठवला आणि पुरवणी मागवली. ती आणखी दहा दिवसांनी आली, ती स्पष्ट आणि चांगली होती, आणि ती मुळातच यायला हवी होती.

व्हिडिओ मात्र मागितल्याखेरीज देत नाहीत, आणि महिन्याभराने तो पुसून टाकतात. मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो आणि दोन तुकडे उतरवून आणले. पहिला पावणेचारचा आहे. त्यात मी काहीतरी पुटपुटतो आणि हवेत दोरी ओढल्यासारखे करतो. दुसरा पाच वाजून वीस मिनिटांचा.

त्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. जागेपणी माझा आवाज आता इतका खालावला आहे की फोनवर माणसे ‘हॅलो, हॅलो’ करीत राहतात, आणि उजवा हात सदऱ्याचे एक बटण लावण्यास मिनिट घेतो. पडद्यावरचा माणूस मात्र उजवा पाय झटकन उचलून सफाईने लाथ मारीत होता, त्याच हाताने कसलेतरी हँडल घट्ट धरीत होता, आणि खणखणीत आवाजात ‘हाड! हाड!’ असे ओरडत होता. तंत्रज्ञ धावत येईपर्यंत अर्धा मिनिट हे चालले. पार्किन्सनचे रुग्ण या अवस्थेत जागेपणापेक्षा वेगाने आणि जोराने हालचाल करतात, त्यांचा आवाजही मोठा होतो, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे आणि डॉक्टरांनी ते मला नंतर सांगितलेही; पण सांगणे वेगळे आणि स्वतःला पाहणे वेगळे. पत्नीने तो तुकडा दोनदा पाहिला. ती म्हणाली, ‘अहो, हा तुमचा भोरच्या साइटवरचा आवाज आहे.’ नंतर ती चहा टाकायला उठली आणि आम्ही त्या विषयावर बोललो नाही.

या तपासणीने औषधात काय बदल झाला, हे सांगितल्याशिवाय अभिप्राय अपुरा राहील. माझी अमँटाडीनची दुसरी मात्रा संध्याकाळी सहाला होती; या औषधाने झोप उडते आणि स्वप्ने भडक होतात, म्हणून ती दुपारी एकला आणली. झोपताना ३ मिलिग्रॅम मेलॅटोनिन सुरू झाले आणि तीन आठवड्यांनी ते ६ मिलिग्रॅम केले. क्लोनाझेपाम हे या विकारावरचे जुने आणि पुष्कळांना गुणकारी औषध आहे, परंतु त्याने तोल जाण्याचा आणि झोपेतला श्वास आणखी अडण्याचा धोका असतो, म्हणून माझा ११ चा आकडा आणि भुवईचे टाके पाहून डॉक्टरांनी ते हाती घेतले नाही. म्हणजे अहवालाच्या ज्या साडेतीन पानांना मी नावे ठेवली त्यांचाच येथे उपयोग झाला, हे कबूल करणे भाग आहे. सुताराकडून पलंगाचे पाय कापून घेतले, माझ्या बाजूला खाली गादी असते, उशाशी असलेला काचेचा दिवा आणि तांब्या हलवला, आणि पत्नी आता त्याच खोलीत पण वेगळ्या खाटेवर झोपते. कुत्री अजून येतात, आठवड्यातून एखाद्या वेळी. पूर्वी ती एक दिवसाआड येत. पाणी मार्चनंतर एकदाच आले.

ज्यांना जागेपणीही माणसे किंवा प्राणी दिसू लागले आहेत, स्वप्न कोठे संपले हे ज्यांना सकाळी उमगत नाही, त्यांनी या तपासणीच्या रांगेत महिना घालवू नये. आधी न्यूरॉलॉजिस्टकडे जावे, कारण तेथे प्रश्न गोळ्यांच्या मात्रेचा असू शकतो. ज्यांची अवस्था माझ्यासारखी आहे त्यांना मी या केंद्रात जाण्यास सांगेन, पाचपैकी तीन तारे देऊन. तंत्रज्ञाला पाच, सूचनापत्राला एक, खोलीला दोन, व्हिडिओच्या दर्जाला चार. रात्रपाळीवर तंत्रज्ञ हजर असतो का, सकाळी सहानंतरपर्यंत नोंद करतील का, हातांना इलेक्ट्रोड लावतील का आणि व्हिडिओची प्रत देतील का, हे नावनोंदणीच्या फोनवरच विचारून घ्यावे. शनिवारची रात्र मिळाली तर घ्यावी, कारण रविवारी सफाई आठला सुरू होते. ही माहिती मला त्या मुलाने निघताना, जिन्यात, हळूच दिली. डोक्यातली पेस्ट दोन वेळा शिकेकाई लावूनही पूर्ण निघत नाही. तिसऱ्या वेळी कोमट खोबरेल चोळून मग धुतल्यावर निघाली.